कॅप्टनच आधी उतरला तर?

संपादक साहेब,
2012 ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया ही मोठी क्रूझ बोट खडकावर आपटली, 32 माणसं गेली आणि कॅप्टन स्केटिनो प्रवासी आत असतानाच लाइफबोटीत, कोस्टगार्डवाला फोनवर ओरडतोय परत बोटीवर चढ म्हणून! 16 वर्षांची शिक्षा झाली त्याला. कॅप्टनने बुडून मरावं असं कोण म्हणतंय, पण बोट सोडायचा हुकूम वेळेत देणं, शेवटपर्यंत माणसं उतरवणं हे त्याचंच काम ना? परवा इथे गोव्यात मांडवी नदीवर पाहुण्यांना क्रूझला नेलं, नाचगाणी झकास, पण लाइफ जॅकेट कुठे आहेत विचारलं तर पोरगा नुसता हसला. निघण्याआधी दोन मिनिटं जॅकेट घालून दाखवायला काय जातं, बंदर कप्तान खात्याने एवढं तरी सक्तीचं करावं.
एक वाचक, म्हापसा