पट्टी कोणी उतरवली नाही, आणि एक स्टार ब्लेझला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुमच्या लेखकाने आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या नव्वदच्या दशकातल्या चार अल्बमना स्टार वाटलेत, तो लेख काल वाचला. काल म्हणजे सोमवारी, कारण रविवारची पुरवणी आमच्या देवगडात सोमवारीच हातात पडते. वाचून झाल्यावर कामाला लागलो पण डोक्यातून जाईना, रात्री जेवतानाही तेच, म्हणून आज लिहायला बसलो.

मराठी पेपरात मेडनवर अर्धं पान आलं याचा मला मनापासून आनंद झाला, हे आधी सांगतो. आमच्या वेळी असं काही छापून यायचं नाही. पण 'फिअर ऑफ द डार्क' पहिला, 'नो प्रेयर फॉर द डाइंग' दुसरा, 'व्हर्च्युअल इलेव्हन' तिसरा आणि 'द एक्स फॅक्टर' शेवटचा, त्याला एक स्टार आणि वर 'रडगाणं' हा शब्द? लेखकाने तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा तरी ऐकलाय का, हा माझा सरळ प्रश्न आहे.

'नो प्रेयर' दुसऱ्या नंबरवर कशासाठी ते लेखात कुठेच नाही. मेडनचा गाजलेला गायक ब्रूस डिकिन्सन गातो म्हणून, एवढंच कारण मला दिसतं. 1988 च्या 'सेव्हन्थ सन' अल्बमनंतर बँडला साधं, रांगडं काहीतरी करायचं होतं, गिटारवाल्या एड्रियन स्मिथला ते पटलं नाही, तो बाहेर पडला आणि यॅनिक गर्स आला. मग बेस वाजवणारा आणि बहुतेक गाणी लिहिणारा जो स्टीव्ह हॅरिस, त्याच्या एसेक्समधल्या जागेत, धान्याच्या कोठारात, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ आणून 1990 चा हा अल्बम रेकॉर्ड केला आणि तो ऐकायलाही तसाच लागतो, तालमीला बसल्यासारखा. ब्रूसचा आवाज मुद्दाम खरवडलेला, वरच्या सुरांची ती उंची गायब, आणि ज्या हॅरिसने एकेकाळी तेरा-चौदा मिनिटांचं गाणं बांधलं त्याच्या या अल्बममध्ये धड सहा मिनिटांचंही गाणं नाही. त्यातलं एक सिंगल जानेवारी 1991 मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, मेडनचं एक नंबरला गेलेलं ते एकमेव सिंगल, ही गोष्ट लेखकाने दोनदा सांगितलीये. गेलं असेल. त्या गाण्याला त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

'फिअर ऑफ द डार्क' पहिला, याबद्दल मी भांडणार नाही. 1992 चा हा अल्बम, निर्माता मार्टिन बर्चने मेडनसाठी केलेलं हे शेवटचं काम. पण बारा गाण्यांतली चारेक काढली असती तर जास्त बरं झालं असतं. टायटल ट्रॅक, 'अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स' आणि सुरुवातीचं 'बी क्विक ऑर बी डेड' यांच्या जोरावर तो उभा आहे, मधला भाग भरतीचा.

आता मुद्द्यावर येतो. ब्रूस 1993 ला बँड सोडून गेला, त्याच्या जागी ब्लेझ बेली आला, 'एक्स फॅक्टर' आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन' त्यानेच गायले, आणि तुमच्या लेखकाने त्याच्या माथी सगळं खापर फोडलं. 'ब्लेझला ब्रूसची गाणी झेपली नाहीत' असं वाक्य आहे लेखात. हे स्टेजवरचं झालं. अल्बमशी त्याचा काय संबंध? आणि स्टेजवर का झेपली नाहीत ते मी सांगतो, कारण हे मी आमच्या गावात डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यात माझा हात होता.

मी आमच्या भजन मंडळात पखवाज वाजवायचो. आमचे जुने बुवा उंच आवाजाचे, काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात, गायचे आणि गजर घेतला की पार देवळाबाहेर ऐकू जायचं. ते पोटासाठी मुंबईला गेले आणि त्यांच्या जागी दुसरे बुवा आले, आवाज खर्जातला, दाणेदार, खाली उतरले की अंगावर काटा यायचा. 1996 च्या गणपतीत आमची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना, ठरली. बारीच्या आदल्या रात्री तालीम संपल्यावर बुवा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माका काळी दोन होयी, माझो आवाज थयसर जाणा नाय." मी म्हटलं, "बुवानू, पखवाज काळी चारचो आसा, आता ऐनवेळी खंयसून बदलूचो?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पखवाज पट्टीला लावलेला असतो, गठ्ठे ठोकून थोडाफार वरखाली होतो पण काळी चारचा काळी दोनवर आणला तर शाई बोलत नाही, थाप बसकी येते. दुसरा पखवाज आणायला हवा होता. शेजारच्या वाडीत होता. सायकलवरून पंधरा मिनिटं. मी गेलो नाही. पेटीवाल्यालाही सगळ्या चाली काळी चारलाच बसलेल्या, त्यानेही मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बुवांनी आधी आपली बारी म्हटली, मांडव भरलेला, आणि आमच्या बुवांनी गजर वर नेला तिथे त्यांचा आवाज फाटला. एकदा नाही, तीनदा. पोरं हसली, मागून कोणीतरी जुन्या बुवांचं नाव घेऊन ओरडलं. मी मान खाली घालून वाजवत राहिलो. त्यांच्या मानेवरची शीर ताणलेली आणि कपाळावरचा बुक्का घामाने ओघळून भुवईपर्यंत आलेला, एवढं मला अजून दिसतं. त्यानंतर ते बारीला कधी उभे राहिले नाहीत.

ब्लेझचं हेच झालं. त्याचा आवाज ब्रूसपेक्षा खालचा, वजनदार. 'वुल्फ्सबेन' या आपल्या आधीच्या बँडमध्ये तो आपल्या पट्टीत गायचा, आणि 1990 मध्ये तीच 'वुल्फ्सबेन' मेडनच्या ब्रिटनच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवायची, म्हणजे मेडनला त्याचा आवाज कसा आहे हे चांगलं माहीत होतं. तरी जुनी गाणी ब्रूसच्याच सुरात ठेवली, गिटारी अर्धा सूरसुद्धा उतरवल्या नाहीत, आणि महिनोन्महिने रोज रात्री त्याला तिथे चढायला लावलं. आवाजाने दगा दिला, काही शो रद्द झाले आणि सगळे म्हणाले गायक कमी पडला. पट्टी ठरवणाऱ्यांना कोणीच काही बोललं नाही. तुमचा लेखकही नाही.

पण 'एक्स फॅक्टर' ची गाणी त्याच्या आवाजासाठी बांधलेली आहेत, तिथे बघा काय होतं ते. माझा मावसभाऊ बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून ती कॅसेट आणली. बारी होऊन आठवडाही झाला नव्हता. बाहेर पाऊस, लाइट गेलेली, मी पडवीत वॉकमन कानाला लावून बसलो. 'साइन ऑफ द क्रॉस' सुरू होतं ते चर्चमधल्या मंत्रपठणासारख्या खालच्या आवाजांनी, मग बेस, मग ब्लेझ, अगदी खालून, घाई नाही, आणि ते अकरा मिनिटं चढत जातं. माझ्या मनात लगेच आलं की आमच्या बुवांना त्यांच्या पट्टीत गाऊ दिलं असतं तर असं झालं असतं. मी तिथेच कॅसेट बंद केली, पुढची बाजू दुसऱ्या दिवशी ऐकली.

त्या काळात हॅरिसचा घटस्फोट झाला होता आणि ते अल्बमभर ऐकू येतं. युद्धावरून परतलेला माणूस, मध्यरात्री दोनला एकटा बसलेला माणूस, देवावर विश्वास न बसणारा माणूस. यालाच लेखकाने रडगाणं म्हटलंय. 'ब्लड ऑन द वर्ल्ड्स हँड्स' च्या सुरुवातीला नुसता बेस आहे, हेडफोन लावून ऐका, हॅरिसची बोटं तारेवर आपटतात ते ऐकू येतं. साउंड कोरडा आहे, गिटारी पुढे यायला हव्या होत्या, एकाहत्तर मिनिटं जास्त होतात, हे मला मान्य आहे. पण त्या दशकात खरं बोललेला अल्बम हाच.

'व्हर्च्युअल इलेव्हन' बद्दल थोडक्यात. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्याच वर्षीचा हा अल्बम, मी रेल्वेने मुंबईला जाऊन कॅसेट आणली आणि येताना रत्नागिरी यायच्या आत निराश झालो. 'द एंजल अँड द गॅम्बलर' मध्ये तीच ओळ जवळपास दहा मिनिटांच्या गाण्यात किती वेळा येते ते मोजायचं मी सोडून दिलं. ते गाणं हॅरिसचं आहे, त्याचाही दोष ब्लेझला कशाला? 'द क्लॅन्समन' मात्र सोनं आहे.

आणि एक गोष्ट लेखात अजिबात नाही. 1 फेब्रुवारी 2008 ला मेडन मुंबईत बीकेसीला वाजवून गेले तेव्हा मी भाच्याला घेऊन गेलो होतो. सोळा गाणी झाली, त्यात नव्वदच्या दशकातलं एकच, 'फिअर ऑफ द डार्क'. मैदानातली हजारो माणसं गिटारची धून तोंडाने गात होती, मीही गायलो, घसा बसला. पण ब्लेझच्या काळातलं एकही गाणं नाही याचं वाईट वाटलं. पुढे 2018 च्या दौऱ्यात 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' दोन्ही घेतली, ब्रूसने स्वतः गायली. गाणी वाईट असती तर वीस वर्षांनी ब्रूस ती कशाला गाईल? एक स्टारवाल्या लेखकाने याचं उत्तर द्यावं.

जाता जाता आणखी एक. तुमच्या पेपरात आतल्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या, त्या आता येत नाहीत. तुमच्या इथल्या वार्ताहराला विचारलं तर म्हणाला जागा नाही. अहो, चार ओळींची जागा लागते. आमच्याकडे खाडीत होडी काढणारी, कालवं काढायला जाणारी बायामाणसं ते बघून निघायची. सगळ्यांना मोबाइलवर बघता येत नाही, आमच्या शेजारच्या आजी अजून सकाळी पेपर घेऊन माझ्याकडे येतात आणि "आज सुकती कितीक?" म्हणून ओहोटीची वेळ विचारतात, मग मी फोनवर बघून सांगतो. त्या वेळा परत सुरू करा. आणि मेडनवर पुन्हा लिहाल तेव्हा 'एक्स फॅक्टर' आधी रात्री, एकट्याने, पूर्ण ऐकून मग लिहा.

आमचे ते बुवा आता थकलेत. मागच्या वर्षी गणपतीत त्यांच्या घरी गेलो होतो, जाताना काळी दोनचा पखवाज घेऊन गेलो. ते तीन अभंग गायले.

आपला,
एक जुना वाचक
तारामुंबरी, देवगड