रविवारची बैठक : जॉन पोपल

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या खोलीत रसायनशास्त्रज्ञ जॉन पोपल यांच्यावर बोलायचं आहे, लक्षात असू द्या. इंग्लंडमधल्या बर्नहॅम-ऑन-सीच्या कपडे-दुकानदाराचा हा मुलगा. टाकून दिलेलं कॅल्क्युलसचं पुस्तक उचलून शिकला. फार हुशार दिसू नये म्हणून शाळेत गणितं मुद्दाम चुकवायचा! केंब्रिजहून १९५१ मध्ये गणितात पीएच.डी., १९६४ पासून अमेरिकेत पिट्सबर्गला. जास्त वेळ मात्र १९७० च्या ‘गॉसियन’ या संगणक-प्रोग्रॅमला देऊ. रेणूची रचना, ऊर्जा संगणकावर काढणं त्यामुळे प्रयोग करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांच्याही हाती आलं. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम. १९९८ चं नोबेल वॉल्टर कोन यांच्यासोबत. घरात रसायनशास्त्र शिकणारं कुणी असेल तर आवर्जून आणा. सुरुवात वेळेवर होईल, दहा मिनिटं आधी या.