शीळ तेवढी कळते

संपादक महोदय,

जुन्या गाण्यांत परक्या भाषेची अडचण मला कधी वाटली नाही. क्यू साकामोतोचं १९६१ चं जपानी गाणंच घ्या. डोळ्यांतलं पाणी ओघळू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं ते गाणं; परदेशात त्याला ‘सुकियाकी’ असं चक्क मांसाच्या पदार्थाचं नाव चिकटवलं! तरी १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. शब्द थांबून शीळ सुरू झाली, की माझा इस्त्रीचा हात जागीच थबकतो. एका सदऱ्याची कॉलर त्यापायी गेली. फ्रेंच गायिका एदित पियाफचा घोळवलेला ‘र’ मात्र सकाळी झेपत नाही. तो रात्रीच, दिवा मालवून.

– एक जुना श्रोता