सर, तो ग्लास तुम्ही हातात धरलात

आदरणीय सर,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र जाहीरच मानणार. माझं हसं झालं तेही चारचौघांतच झालं होतं.

मी जालन्याकडची, द्राक्षबागायतदाराची पोरगी. छत्रपती संभाजीनगरात हॉटेलात लागले तेव्हा वाइन शिकवायला आधी जे साहेब आले, त्यांनी फ्रिजमधून काढलेली, दात शिवशिवतील अशी गार शार्दोने, म्हणजे पांढरी वाइन, ओतली आणि विचारलं, "काय वास येतोय?" मला काहीच येईना. "नाक नुसतं नथीपुरतं आहे का?" म्हणाले. सगळे हसले. मग त्यांच्या छापील कागदावरचं पीच, व्हॅनिला, हेझलनट आम्ही पाठ केलं आणि पाहुण्यांपुढं घडाघडा म्हणत राहिलो. हेझलनट मी तोवर डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

तुम्ही आलात ते स्वतःच्या संग्रहातली मर्सो, फ्रान्समधल्या बरगंडीची पांढरी वाइन, घेऊन. (वेटर पोरांसाठी असली बाटली कोण फोडतं हो?) मी ग्लास नाकाशी नेला आणि गप्प. तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्या हातातून ग्लास घेतलात, दोन्ही तळव्यांत धरलात आणि बाकीच्यांशी बोलत राहिलात. बऱ्याच वेळानं परत दिलात. "आता बघ."

लोणी कढवल्यावर तळाला राहते त्या बेरीचा वास! अगदी तोच. त्यामागून भाजलेले शेंगदाणे, मग लिंबाची साल. मी भडाभडा बोलत सुटले आणि तुम्ही "हं, पुढं?" एवढंच विचारत होतात. गारठ्यात वास दबून बसतो, अशा भरदार वाइनला १२-१३ अंश तरी लागतात, हे सगळं नंतर सांगितलंत. लोण्याचा वास येतो कारण जिवाणू द्राक्षातलं कडक मॅलिक आम्ल मऊ लॅक्टिक आम्लात बदलतात, हेही नंतरच.

आमच्या घरी रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघणं पोराटोरांनाही येतं. पण बघतो ती साखर. असली वाइन वर्षानुवर्षं टिकायला आंबटपणा लागतो आणि आमच्याकडच्या उन्हात तोच आधी उतरतो, हे तुमच्याकडून कळलं. त्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची जुनी सेमिलाँही चाखवलीत, तीही पांढरीच. कोवळेपणी पातळ, लिंबासारखी आंबट. ओक लाकडाचं पीप कधी न लागलेली. तरी नुसत्या वयानं तिच्यात भाजलेला पाव आणि मध उतरलेला. मी अजून तिच्याच नादात आहे.

हुशारी दाखवणारे या धंद्यात पोत्यानं सापडतात. मास्तर काय, साहेब काय, समोरच्याला जमलं नाही की आधी त्याच्या अकलेवर घसरतात. तुम्हाला आधी ग्लास गार आहे का ते बघावंसं वाटलं. हे लिहितानाही माझा गळा दाटून येतोय, काय करू!

परवा एका काकांनी वाइनला वासच नाही म्हणून कुरकुर केली. बाटली बर्फातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणलं, जरा थांबा. जाताना त्यांनी तिचं नाव लिहून नेलं.

फेब्रुवारीत आमच्या बागेची तोडणी असते. काकूंना घेऊन या. वडील माळकरी आहेत, वाइनचा विषय तेवढा काढू नका. घडांवर आणि शेततळ्यावर बोललात तर जेवण झाल्यावरही सोडणार नाहीत.

तुमची विद्यार्थिनी