मासे विकताना पाण्याची माहितीही द्यावी

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

नाशिकमध्ये घरोघरी फिश टँक दिसू लागले आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र दुकानातून आणलेले मासे नळाच्या ताज्या पाण्यात सोडल्यावर एक-दोन दिवसांत मरतात आणि त्याचे खापर ‘मासेच कमजोर होते’ म्हणून दुकानदारावर फोडले जाते, असे वारंवार ऐकू येते. बऱ्याच वेळा याचे खरे कारण पाण्यातील क्लोरिन हे असते.

हा क्लोरिन पाण्यात असलाच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढा मुक्त क्लोरिन शिल्लक राहावा लागतो आणि त्यामुळेच आपण अनेक जलजन्य आजारांपासून वाचतो. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी गढूळ झाले की त्यातील सेंद्रिय घाणच बराचसा क्लोरिन वापरून टाकते, म्हणून शुद्धीकरण करताना त्याची मात्रा वाढवावी लागते. परंतु माणसाला निर्धोक असलेले हे प्रमाण माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. कल्ल्यांची नाजूक त्वचा क्लोरिनने भाजल्यासारखी होते, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतो आणि घरातील माणसे प्राणवायू कमी पडला असे समजून केवळ हवेचा पंप वाढवतात.

यावरचा उपाय साधा आहे. पाणी रुंद तोंडाच्या टबात किंवा बादलीत चोवीस तास उघडे ठेवावे आणि शक्य असल्यास त्यात हवेचा पंप सोडावा, म्हणजे क्लोरिन लवकर उडून जातो. झाकण लावलेल्या पिंपात मात्र तो बराच काळ टिकून राहतो, त्यामुळे ‘पाणी कालचेच होते’ एवढ्याने भागत नाही. घाई असेल तर अँटी-क्लोरिनचे थेंब वापरावेत. त्यातील सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच फोटोग्राफर मंडळींचा जुना हायपो, क्लोरिन जवळजवळ तत्काळ निष्प्रभ करतो. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच घ्यावी. शंका असल्यास ग्रामपंचायतींत वापरतात तशी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करावी. वेगळ्या काढलेल्या थोड्या पाण्यात या द्रावणाचे थेंब टाकल्यावर ते पिवळे झाले, तर क्लोरिन अजून शिल्लक आहे. परदेशी चित्रफिती पाहून टँक सांभाळणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, की तिकडे अनेक ठिकाणी क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनिया यांचे संयुग) वापरतात आणि ते पाणी नुसते उघडे ठेवून सुरक्षित होत नाही. आपल्याकडे सहसा क्लोरिन वायू किंवा ब्लीचिंग पावडर वापरली जाते. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल, तर त्या दिवशी टँकचे पाणी मुळीच बदलू नये.

याहून कमी माहीत असलेली आणि मला अधिक महत्त्वाची वाटणारी बाब फिल्टरची आहे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि खुद्द कल्ल्यांतूनही अमोनिया पाण्यात मिसळत असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. स्वच्छतेच्या हौसेने हाच स्पंज नळाखाली खळखळून धुतला, की ही वसाहत क्लोरिनने मरते, अमोनिया साचत जातो आणि काही दिवसांनी मासे दगावतात. मधे दिवस गेल्यामुळे नळाच्या पाण्याचा संशयही कोणाला येत नाही. स्पंज नेहमी टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळावा आणि सगळे पाणी एकदम न बदलता आठवड्याला चौथा हिस्सा बदलावा. नाशिकच्या थंडीत पहाटेच्या नळाचे पाणी इतके गार असते, की क्लोरिन काढल्यानंतरही ते टँकच्या तापमानाला आल्याशिवाय आत ओतू नये. बोअरच्या पाण्यात क्लोरिन नसला, तरी ते अनेकदा जड, म्हणजे क्षारयुक्त असते, म्हणून त्याकडे एकदम वळणेही योग्य नाही.

हे सर्व ग्राहकाने मासे मेल्यानंतर शोधत बसण्यापेक्षा, मासे विकणाऱ्याने पिशवी हाती देतानाच सांगावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गप्पी माशांनाही हेच लागू आहे. नळाचे ताजे पाणी भरलेल्या हौदात सोडलेले गप्पी दगावले, तर डास नियंत्रणाचा तो हेतूही वाया जातो. अर्ध्या पानाचे मराठी पत्रक पिशवीसोबत देण्यास फारसा खर्च येणार नाही. शहरातील विक्रेत्यांनी आणि गप्पी वाटणाऱ्या यंत्रणांनी येत्या पावसाळ्यापूर्वी याचा विचार करावा.

आपला नम्र,
एक मत्स्यप्रेमी वाचक,
इंदिरानगर, नाशिक