ज्वारीच्या जिल्ह्यातले गव्हाचे पथ्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत गहूविरहित आहाराविषयी आलेला लेख आमच्या घरी मोठ्याने वाचला गेला, कारण आमच्या घरात सिलिअ‍ॅकचे (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) दोन रुग्ण आहेत : एक मी आणि दुसरा माझा धाकटा मुलगा. या आजाराचे नाव मराठी वृत्तपत्रांत क्वचितच दिसते, म्हणून लेख छापल्याबद्दल आपले आभार. मात्र त्यातील काही विधानांवर विसंबून वागणाऱ्या वाचकाचे नुकसान होऊ शकते, म्हणून पत्र लांबले तरी लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि अकरा वर्षे स्वतःच्या स्वयंपाकघरात पडताळलेले आहे.

लेखात वाचकांना सल्ला दिला आहे की, पोट बिघडत असेल तर महिनाभर गहू सोडून पाहावा आणि बरे वाटले तर आपल्याला ग्लुटेन सोसत नाही असे समजावे. नेमके हेच करू नये. सिलिअ‍ॅकची पहिली तपासणी रक्ताची असते; तीत टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडे मोजतात आणि सोबत एकूण आयजीएही (त्या वर्गातली सगळी प्रतिपिंडे) पाहतात, कारण ज्यांच्या शरीरात मुळातच आयजीए कमी असते त्यांचा अहवाल खोटा निर्दोष येऊ शकतो. त्यानंतर दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेऊन तपासले जातात. गहू बंद केला की प्रतिपिंडे उतरू लागतात आणि आतडेही भरून येऊ लागते, त्यामुळे आजार असूनही तो अहवालात सापडत नाही आणि पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊन, त्रास सोसून, तपासणी नव्याने करावी लागते. आधी रक्त द्यावे, मग पोळी सोडावी, हा क्रम लेखात ठळक अक्षरांत यायला हवा होता.

माझ्या बाबतीत या आजाराने पोटाची तक्रार म्हणून दार ठोठावलेच नाही. चाळिशीत माझे हिमोग्लोबिन सातच्या वर जात नव्हते. चार वर्षे मी लोहाच्या गोळ्या घेतल्या, खजूर खाल्ला, बीट खाल्ले, कोणी सांगितले म्हणून रोज सकाळी गव्हांकुराचा रसही घेतला. बाईमाणसाचे रक्त कमीच असायचे, ही समजूत घरच्यांची होती, दवाखान्यातली होती आणि खरे सांगायचे तर माझीही होती. अखेर एका पोटविकारतज्ज्ञांनी विचारले की, इतक्या गोळ्या पोटात जातात, तर लोह जाते कुठे? दुर्बिणीच्या तपासणीनंतर त्यांनी ते सोलापुरी माणसाला कळेल अशा भाषेत समजावले. नव्या टर्किश टॉवेलवर सुताचे उभे फासे असतात, त्यामुळे तो पाणी टिपतो. वर्षानुवर्षे आपटून धुतलेल्या टॉवेलचे फासे झडून नुसते सपाट कापड उरते, तसे माझे आतडे झाले होते. लोह प्रामुख्याने आतड्याच्या ज्या पहिल्या वितीत शोषले जाते, तिथलीच लव गेली होती. गव्हातल्या प्रथिनाविरुद्ध शरीराची संरक्षणव्यवस्था उठते आणि त्या झटापटीत आपल्याच आतड्याला इजा करते, असा हा आजार आहे; तो नुसता अपचनाचा किंवा अ‍ॅलर्जीचा प्रकार नाही. रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुलांमध्ये साधारण दहात एकाला तो असू शकतो, म्हणून माझ्या दोन्ही मुलांचे रक्त तपासले. धाकट्याची पोटाची एकही तक्रार नव्हती, फक्त वर्गातल्या मुलांपेक्षा उंची मागे पडली होती.

यावर आजही औषध नाही. गहू, सातू (जव) आणि राय (गव्हासारखे युरोपी धान्य, मोहरी नव्हे) ही धान्ये जन्मभर वर्ज्य करणे हाच उपचार. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, १९४४-४५ च्या हिवाळ्यातील पावाची टंचाईही पाहिली आणि १९५० मध्ये प्रबंधात दाखवून दिले की, या मुलांचे दुखणे गव्हाशी बांधलेले आहे. वजन उतरवण्याची हौस आणि हे पथ्य एकाच लेखात, एकाच चौकटीत आले की वाचणाऱ्याला दोन्हींचे वजन सारखेच वाटते. हौसेने गहू सोडणाऱ्याने लग्नात एक पुरी खाल्ली तर काही बिघडत नाही. आमचे बिघडते, आणि ते दुसऱ्या दिवशी पोट दुखूनच कळेल असेही नाही.

आता पथ्याचे. या बाबतीत सोलापूरचा माणूस नशीबवान आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, रब्बी ज्वारीवर संशोधन करणारे केंद्र आपल्याच शहरात आहे आणि मालदांडी ज्वारीची भाकरी, कडक भाकरी, शेंगाचटणी, कण्या, आंबील, हुरडा हे सारे मुळातच ग्लुटेनमुक्त आहे. लेखात सुचवलेल्या, परगावाहून मागवाव्या लागणाऱ्या महागड्या पावाची आणि बिस्किटांची आम्हाला गरज पडत नाही. ती बहुधा मक्याचे वा साबुदाण्याचे स्टार्च, तेल आणि साखर यांचीच बनलेली असतात. त्यांत तंतू कमी आणि पोषणही बेताचेच. प्रवासासाठी एखादे पाकीट ठेवावे, इतकेच.

भाकरी निर्धोक असली तरी तिची वाट निर्धोक नाही. गिरणीत आधीच्या बाईचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते. ‘ज्वारीवर ज्वारी’ दळून घेण्याचा आग्रह चवीसाठी आपल्या आया-आज्ज्यांनीही धरला, पण आमच्यासाठी तेवढेही पुरत नाही, कारण सांदीत बसलेले पीठ हळूहळू सुटत राहते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे अभ्यासात दिसले आहे. गव्हाच्या पिठात दहा टक्क्यांच्या आसपास ग्लुटेन धरले तर हे प्रमाण अर्ध्या ग्रॅम पिठात, म्हणजे एका चिमटीत बसते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे ती काही उगाच नाही. आम्ही शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडू दिलेला नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी पेठेतल्या एखाद्या गिरणीवाल्याने एक जाते फक्त ज्वारी-बाजरीला राखून तशी पाटी लावली, तर मधुमेही धरून त्याला गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही.

हिंगाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. डबीतला हिंग शुद्ध नसतो; तो डिंक आणि पिठात मिसळून बांधलेला असतो आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबी उलटी करून घटक वाचावेत. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. खपली गहू हा आणखी एक चकवा आहे. तो मधुमेहाला बरा म्हणून आपल्याकडे नावाजला जातो आणि ‘जुने धान्य आहे, चालेल’ असे सांगून मला दोनदा त्याची खीर वाढली गेली आहे. खपली हा गहूच आहे. लग्नातली हुग्गी (गव्हाची खीर), सत्यनारायणाचा शिरा, धपाट्यात मिळून येण्यासाठी घातलेली मूठभर कणीक, मिश्रधान्याचे पीठ, माल्ट (मोड आणलेल्या सातूचे सत्त्व) घातलेली दुधाची पावडर, अशक्त माणसाला प्रेमाने पाठवलेले गव्हाचे सत्त्व, हे सगळे त्याच घरचे. प्रसाद नाकारताना अजूनही अवघडते. पण एव्हाना नातेवाईक माझ्या ताटात आपणहून केळे ठेवतात.

लेखातील दुसरा मुद्दा पूरक औषधांचा. ‘गहू सोडल्यावर अशक्तपणा येऊ नये म्हणून मल्टिव्हिटॅमिन व प्रोटीन पावडर सुरू करावी’ असे एका वाक्यात उरकले आहे. माझ्या मते हिशेब इथेच खरा सुरू होतो. निदान झाले तेव्हा माझे लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ असे सगळेच तळाला होते आणि हाडांची घनताही कमी निघाली. गहू सोडल्याने ही कमतरता आली नव्हती. आतड्याने वर्षानुवर्षे काही घेतलेच नव्हते. ती भरून काढायला नुसती भाकरी पुरत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ४ मिलिग्रॅम लोह असते, आणि पाळी चालू असलेल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. ३०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तरी बेरीज बारावर थांबते, आणि त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. म्हणून सुरुवातीला गोळी हवीच, क्वचित लोह शिरेतूनही द्यावे लागते. मात्र कोणती गोळी, किती आणि कधीपर्यंत, हे रक्ताचा अहवाल पाहून ठरते. माझ्या लोहाच्या गोळ्या फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे माप) भरल्यावर डॉक्टरांनी बंद केल्या. त्याच गोळ्या, ज्या चार वर्षे वाया गेल्या, त्या गहू सुटल्यावर काही महिन्यांत लागू पडल्या होत्या.

घेण्याच्या वेळेलाही महत्त्व आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर लोह कमी शोषले जाते. चहानेही तसेच होते, आणि जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवय मोडायला मला गोळ्यांपेक्षा जास्त त्रास झाला. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर उलट मदत होते. कॅल्शियमही एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेण्यात अर्थ नाही, आणि पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेले असेल तर त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम ५००च असते. सिलिअ‍ॅकसोबत थायरॉइडचा त्रास असणारे बरेच असतात, मीही त्यांतलीच. ती गोळी पहाटे उपाशीपोटी, तिच्यानंतर चार तास ना लोह ना कॅल्शियम. एकूण काय, शाळेचे वेळापत्रक लावणे याहून सोपे होते. कॅल्शियमचा मोठा भाग मी आता ताटातूनच घेते : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, शिवाय दूध, ताक आणि तिळाची चटणी. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आमच्याकडे वर्षातून एकदा न होता थंडीभर होते. पहिल्या काही महिन्यांत काहींना दूध पचत नाही. आतडे भरून आले की बहुतेकांना ते पुन्हा चालते, तेव्हा दूध कायमचे तोडून टाकू नये.

मनाने औषध घेण्याचा धोका ड जीवनसत्त्वात सर्वांत जास्त दिसतो. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक, तीही ठरावीक आठवड्यांपुरती घ्यायची असते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी ती जुन्या चिठ्ठीवर वर्षभर चालू ठेवली आणि रक्तातले कॅल्शियम वाढून त्यांना रुग्णालयात राहावे लागले. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. फोलिक अ‍ॅसिडही मनाने घेण्यात धोका आहे. बी-१२ कमी असताना नुसते फोलिक घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांची हानी आतून चालूच राहते. आम्हा शाकाहारी घरांत बी-१२ आधीच काठावर असते, म्हणून दोन्ही एकदम तपासावीत. गोळी बांधायला वापरलेला स्टार्च बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, त्यामुळे प्रत्येक गोळीला घाबरण्याचे कारण नाही. प्रोटीन पावडर आणि टॉनिक यांवर मात्र माल्ट, गहू, सातू हे शब्द शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वर्षातून एकदा टीटीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड, बी-१२ आणि थायरॉइड एवढे आम्ही दोघेही तपासून घेतो. गेल्या वर्षी मुलाचे टीटीजी थोडे वाढलेले आले. शोध घेता कारण वसतिगृहाजवळच्या खाणावळीत निघाले. तिथे भाकरी थापताना परातीला कणीक लावत होते.

पुरवठा विभागाकडेही एक विनंती पोहोचावी. शिधापत्रिकेवर तांदळाबरोबर गहू मिळतो आणि अशा रुग्णाच्या घरी त्याच्या वाट्याचा गहू निरुपयोगी ठरतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्यांचाही समावेश आहे. तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवणाऱ्या कुटुंबाला त्या रुग्णापुरती गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ देण्याची सोय, निदान ज्वारी पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तरी, अशक्य वाटत नाही. घरघंटी घेऊ न शकणाऱ्या, मजुरीवर जगणाऱ्या रुग्णांची संख्या आपल्या यंत्रमागांच्या वस्त्यांत किती असेल, हे तपासणीच होत नसल्याने कोणालाच सांगता येणार नाही.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबतच्या ‘हे खाऊ नका’ या चौकटीत ‘जवस’ छापले आहे. तिथे ‘जव’, म्हणजे सातू, असे हवे होते. जवसात ग्लुटेन नसते. लेख आला त्याच दुपारी माझ्या नणंदेचा फोन आला की, माझ्या मुलासाठी कुटून ठेवलेली जवसाची चटणी तिने टाकून दिली. कृपया ही दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, त्याच आकाराच्या चौकटीत छापावी.

आपली,
एक नियमित वाचक,
सोलापूर