झाकणावरचा सर्वांत वाईट आकडा

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तपासून पाठवलेलं एअर पिस्तूल, पेलेटच्या (त्याच्या शिशाच्या छर्ऱ्यांच्या) डब्या आणि टार्गेटचे कागद, सगळं नीट पोचलं. पण हे पत्र त्या डबीच्या झाकणावर तुम्ही चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीसाठी आहे. पेन्सिलीने लिहिलेल्या तीनच गोष्टी: लॉट नंबर, ‘१० चे ५ गट’, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या दहा-दहा शॉटचे पाच ठिपक्यांचे पुंजके, आणि त्याखाली मिलिमीटरमध्ये ‘सर्वांत वाईट ७.४’. सर्वांत चांगला गट किती, ते कुठेच नाही. पट्टी उलटूनही पाहिली.

चांगला गट दाखवणारे विक्रेते खूप भेटतात हो. पाच पेलेट एकाच भोकात गेलेला कागद गल्ल्यामागे टाचलेला असतो, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे कागद कचऱ्यात गेलेले असतात. ‘जड घ्या, जड पेलेट सरळ जातं’ असं सांगून ज्यांनी ०.५३ ग्रॅमच्या डब्या गळ्यात मारल्या, त्यांनी हे पिस्तूल हातात धरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. जड पेलेट वाईटच असतं असं नाही, एखाद्या नळीला तेच मानवतं. पण हवेचा धक्का तेवढाच राहून वजन वाढलं की वेग कमी होतो आणि पेलेट नळीत किंचित जास्त वेळ राहतं. पिस्तूल एका हातात धरलेलं असताना तो किंचित जास्त वेळ मनगटाची चूक टिपायला पुरतो. या नळीला ०.४९ ग्रॅमचं पेलेट मानवलं, आणि ते फक्त तुमच्या शिकंजातून, म्हणजे हाताऐवजी पिस्तूल घट्ट आवळून धरणाऱ्या पकडीतून, कळलं.

७.४ म्हणजे नक्की काय, हे आमच्या मुलांना आता पाठ झालंय. गटातल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यातून पेलेटचा व्यास, ४.५ मिमी, वजा करायचा. उरले २.९. म्हणजे पिस्तूल स्वतःच्या मर्जीने पेलेट फार तर दीड मिमी इकडेतिकडे टाकतं. त्या जड डब्यांचा सर्वांत वाईट गट तुम्ही ११.२ लिहिलाय, म्हणजे ६.७, म्हणजे सव्वातीन मिमीच्याही वर. कागदावर पाहताना फरक फुटकळ वाटतो. टार्गेटवरच्या दहा गुणांच्या रिंगचा व्यास ११.५ मिमी, आणि पेलेटची कड रिंगला टेकली तरी दहा. म्हणून पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा मिळतात. मुलाचा हात हलून शॉट ६ मिमी बाजूला गेला, तर चांगल्या पेलेटने तो अजून दहातच आहे. वाईट पेलेटने तोच शॉट नवात जाऊ शकतो. मग पोरगं ट्रिगरला दोष देतं, ग्रिप तासायला घेतं, साइट फिरवतं. एका नवापेक्षा ती शोधाशोध महाग पडते.

डबीवरचं ४.४९ आणि ४.५० पाहून निवड करणाऱ्यांवर तुम्ही हसलात, ते आता पटतं. ते पेलेटच्या डोक्याच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, व्यासाचे छापील आकडे. मायक्रोमीटर लावला तर मऊ शिसं दाबलं जातं आणि मोजणाराच आकडा बदलतो. त्यात एकाच नावाच्या दोन डब्या वेगळ्या लॉटच्या असल्या तर वागतात वेगळ्या, कारण साचे झिजतात. नाव पाहून पुढची खरेदी करायची आणि लॉट पाहायचाच नाही, ही चूक आमच्याकडूनही झालेली आहे.

तुमची काचेची युक्ती तर आता रोजची झाली. काच सपाट ठेवायची, पेलेट आडवं करून हलकेच ढकलायचं. मागचा घेर डोक्यापेक्षा थोडा मोठा असल्याने चांगलं पेलेट डोकं आतल्या बाजूला ठेवून स्वच्छ गोल वळण घेतं. घेराला पोचा असला की ते लंगडतं. पोचा म्हणजे त्या बाजूने हवा निसटणार, पेलेट नळीच्या तोंडाशी तिरकं होणार आणि त्या एका शॉटचा ठिपका गटाबाहेर पडणार. पोचे पडतात ते बहुतेक डबीतून भसकन ओतल्याने किंवा डबी हातातून पडल्याने. स्पर्धेसाठीची पेलेट वेगवेगळ्या खाचांत का भरलेली असतात, हे लंगडणारं एक पेलेट दाखवलं की वेगळं सांगावं लागत नाही.

वजनकाट्यावर मात्र तुम्ही आमचा बराच वेळ वाचवलात. ०.४९ ग्रॅममध्ये ०.०१ चा फरक म्हणजे दोन टक्के. त्याने वेग साधारण एक टक्का हलतो. सेकंदाला १५० मीटर वेगाने निघालेलं पेलेट १० मीटर जाईपर्यंत सुमारे २२ मिमी खाली येतं, एक टक्क्याने त्यात अर्धा मिमीसुद्धा फरक पडत नाही. फायनलमध्ये ०.८ मिमीला एक दशांश गुण जातो, तिथेही हे पुसट. तीन मीटरने वेग घसरला तर मात्र जवळजवळ एक मिमी. म्हणून ‘काट्यापेक्षा सिलिंडरचा दाब बघा’ हे तुमचं वाक्य, कारण पेलेटला ढकलणारी हवा त्या सिलिंडरमधूनच येते. २०० बारला भरून सुरुवात, आणि दाब फार उतरण्याआधी पुन्हा भरणं. प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरला सिलिंडरमधून पुरेसा दाब मिळेनासा झाला की शेवटचे गट खाली सरकतात आणि दोष फुकट पेलेटवर जातो.

शिकंजाबद्दल एवढंच की पकड पिस्तुलाच्या चौकटीला हवी, नळीला किंवा सिलिंडरला नको, हे लिहून दिलंत ते बरं झालं. इथे एकाने सिलिंडरच आवळला होता. पेलेट बदलल्यावरचे पहिले वीसेक शॉट मोजायचे नाहीत, हेही. नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, तो बदलायला तेवढे जातात. फेल्टच्या (नमद्याच्या) गोळीने नळी साफ केल्यावरही तसंच. आणि हो, शिसं हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय खायला बसायचं नाही. ते मुलांना रोज सांगावं लागतं.

पाच शॉटच्या गटावर विश्वास का ठेवायचा नाही, हे आम्ही आधीही ऐकलं होतं. गटाचा आकार शेवटी दोनच भोकं ठरवतात, आणि पाचात नशीब फार. पण ते माहीत असूनही आपण चांगला कागद खिशात घालतो आणि वाईट कागदाला ‘तो शॉट माझा होता’ म्हणून माफ करतो. शिकंजात पिस्तूल असताना ‘माझा’ कुठला आला? तुम्ही पाचही कागद पाठवलेत. तिसऱ्यावर गटाबाहेरचं ते एकटं भोक तुम्ही पेन्सिलीने गोल केलंय, खोडलेलं नाही, आणि बाजूला ‘मोजलं’ एवढंच लिहिलंय. माणूस ओळखायला तेवढा एक शब्द पुरला, काका. विकणाऱ्याला ते भोक अडचणीचं होतं. तुम्हाला विकायचं काही नव्हतं आणि पैसे घ्यायलाही तुम्ही तयार नाही, म्हणून निदान हे पत्र तरी घ्या.

याच लॉटच्या आणखी आठ डब्या मिळाल्या आहेत. त्यांतली एक शिकंजात घालून पाहणार आहोत. पट्टीवर ७.४ च्या खाली जागा रिकामी आहे, तिथे येईल तो सर्वांत वाईट आकडा लिहून तुम्हाला कळवतो.

आपले,
एअर पिस्तूल शिकणारी आणि शिकवणारी मंडळी